उपजीविकेची निवड कोणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या ह्या किनाऱ्यावर घरोघरी आनंद होतो, आणि तो फार तर आठ दिवस टिकतो. नवव्या दिवशी माजघरात एक निराळाच प्रश्न येऊन बसतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ साली स्वतंत्र झाले, तेव्हापासून निकालाच्या बाबतीत त्याचे नाव राज्यात वर असते. २०२४ साली ह्या विभागाचा दहावीचा निकाल शेकडा ९९.०१ आणि बारावीचा ९७.५१ लागला. हे आपणांस भूषणावह आहे. परंतु शंभरांतील नव्व्याण्णव मुले जेथे उत्तीर्ण होतात तेथे उत्तीर्ण होणे ही वेशीपर्यंतची वाट झाली. वेशीबाहेर कोणत्या रस्त्यास लागावे हे गुणपत्रिका सांगत नाही. तेव्हा आईबाप उठतात आणि शिक्षकाकडे, उपदेशकाकडे, नाही तर मुंबईहून सुटीला आलेल्या पाहुण्याकडे जाऊन विचारतात, “ह्याला कुठे घालू? कायमचे असे काय मिळेल?”

ह्या लहानशा प्रश्नात दोन शब्द असे आहेत की ज्यांच्यामुळे पुष्कळ तरुणांचे आयुष्य वाकडे गेलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. एक ‘कायमचे’ आणि दुसरा ‘घालू’. बैलाला जुवाला घालावे तसे मुलाला घालावयाचे, आणि जू असे पाहावयाचे की ते जन्मात मोडणार नाही! प्रश्न प्रेमापोटी केलेला असतो ह्यात संशय नाही. परंतु प्रेमापोटी केलेला प्रश्न नेहमी योग्यच असतो असे नाही.

प्रथम ‘कायमचे’ ह्या शब्दाचा विचार करू. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवली, सावंतवाडी ह्या भागांतील तरुण आधी आगबोटीने व मागून मोटारीने परळ-लालबागेस जात राहिले. तेथे गावचा कोणी मुकादम असे. त्याच्या शब्दावर खात्यात नाव लागे. कोणास सूत आवडते, कोणास साचा आवडतो, हा विचार कोणी केला नाही. मुकादम ज्या खात्यात होता त्या खात्यात पुतण्या गेला. आरंभी कित्येक वर्षे ‘बदली’ म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असला तर त्या दिवसाचा रोज मिळावयाचा. एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जणांनी निजावयाचे, खानावळीत जेवावयाचे, आणि महिना भरला की मनिऑर्डर करावयाची. इतके सोसून नाव एकदा पक्के झाले म्हणजे गावी सांगत, ‘आता काळजी नाही, कायमचा झाला.’ त्या एका शब्दावर लग्ने ठरली, कर्जे निघाली, कौले चढली.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्याला वर्ष भरले नाही तोच, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो संपला असे रीतसर कोणी कधी जाहीर केले नाही. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत; ज्या उघडल्या त्यांत जुन्या सर्वांस जागा उरली नाही. संप करणे शहाणपणाचे होते की नव्हते, मालकांनी काय करावयास हवे होते, सरकारने काय केले नाही, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. मला इतकेच दाखवावयाचे आहे की, ज्या माणसांनी वीस-वीस वर्षे साच्यापाशी उभे राहून एक दिवस चुकविला नव्हता त्यांचे ‘कायमचे’ एका हंगामात नाहीसे झाले, आणि त्यात त्यांच्या कामाचा काही दोष नव्हता. माझे वडील त्यांतलेच एक. पत्र्याची पेटी व गुंडाळलेले अंथरूण घेऊन ते परत आले. त्या वेळी मी पाळण्यातून नुकताच बाहेर पडलो होतो, तरी घरात ती पेटी पुढे अनेक वर्षे एकदाही दुसऱ्या कामास कोणी घेतली नाही, हे मला चांगले आठवते.

एखादा वाचक म्हणेल, ही तर खाजगी मालकांची गिरणी. सरकारी काम असते तर असे झाले नसते. तेही आपण पाहिले. ह्या शतकाच्या आरंभी राज्यात अध्यापक विद्यालये भराभर वाढली. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड. पदविका घेतली की प्राथमिक शाळेत जागा, असे गणित घरोघरी मांडले गेले. पुढे शिक्षकभरती कित्येक वर्षे थंडावली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली. आणि आमच्या वाड्यावाड्यांवरील शाळांत मुलेच कमी होत गेली, कारण मुलांना घेऊन त्यांचे आईबाप मुंबईस किंवा गोव्यास गेले होते. शिक्षक व्हावयाला निघालेल्यांच्या हाती पदविका राहिली आणि ज्यांना शिकवावयाचे ती मुले राहिली नाहीत. पुष्कळजण ओरोसला निवेदने देत वयाची तिशी ओलांडून गेले.

ह्या प्रकरणात माझाही एक हात आहे, तो लपवून हा लेख लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझ्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एक बाप आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. रापण ओढणारे घर, मुलगा हुशार. बापाने तोच प्रश्न विचारला, आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “डी.एड.ला पाठवा.” बापाने चार आंब्यांची कलमे गहाण टाकून शुल्क भरले. मुलगा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला व दहा वर्षे वाट पाहत राहिला. आता तो मालवणच्या धक्क्यावरून पर्यटकांची होडी नेतो. एकदा मी त्याच्यापाशी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा तो हसून म्हणाला, “पाळकसाहेब, भरती बंद झाली हा तुमचा दोष नाही. पण त्या दिवशी तुम्ही बाबांशी बोललात. मी शेजारीच बसलो होतो. लहान मुलांत बसून शिकविणे मला आवडेल का, हे तुम्ही मला विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हणालो असतो.” ह्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि अद्याप सुचलेले नाही.

येथून आपण दुसऱ्या शब्दाकडे येतो.

माणसाने कोणता धंदा करावा हे त्याच्या जन्मावरून ठरवावयाचे, हा आपल्या देशातील जुना नियम. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांचे आजे-पणजे ह्या नियमाखाली भरडले गेले. मेलेले ढोर ओढणे ज्याच्या वाट्याला आले त्याच्या मुलाच्याही वाट्याला तेच आले. त्याला उत्तम गाता येत असो, हिशेब येत असो, की रोग्याची नाडी समजत असो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव ह्याच कोकणातील मंडणगड तालुक्यात आंबडवे हे होय, त्यांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावर लिहिलेले आपले भाषण १९३६ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात ह्याच मर्मावर बोट ठेवले आहे: जात म्हणजे कामाची वाटणी असे सांगण्यात येते, परंतु वस्तुतः ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि त्या वाटणीत माणसाची पात्रता अगर आवड पाहिली जात नाही, आईबापांचा दर्जा तेवढा पाहिला जातो. ज्या घरांनी हे जू मानेवरून उतरविण्यासाठी एवढे सोसले त्याच घरांनी मुलास ‘कुठे घालू’ असे विचारावे, ह्याचा आपण शांतपणे विचार करावा.

आता ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण घेऊ. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) ह्यांचे नाव ह्या जिल्ह्यात वडीलमंडळींस ठाऊक आहे. उच्च शिक्षण घेतलेला, ब्राह्मण घरचा हा मनुष्य रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्याने मागणी कोणती केली? तर भंगीकाम करू द्यावे ही. ती नाकारली गेली म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभिले. पुढे १९४८ साली कणकवलीजवळ वागदे येथे अप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथे मृत जनावरांची कातडी काढणे, मैल्याचे खत करणे, हीच कामे त्यांनी आपल्या हाताने केली व इतरांस शिकविली.

सुरी तीच, कातडे तेच, दुर्गंधीही तीच. मग आमच्या आज्याच्या कामात आणि अप्पासाहेबांच्या कामात अंतर कोठे पडले? लोक म्हणतील, एकाने ते हलके समजून केले व दुसऱ्याने सेवा समजून केले. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. माझा आजाही काम नीटच करीत असे. अंतर इतकेच की, अप्पासाहेब ते काम टाकून उद्या दुसरे धरू शकत होते, आणि माझ्या आज्याला ती मोकळीक नव्हती. नाकारण्याची मुभा ज्याला आहे त्याचेच पत्करणे हे पत्करणे होय. अप्पासाहेबांविषयी माझ्या मनात आदर आहे, तो ह्यामुळे कमी होत नाही. पण ‘कोणतेही काम हलके नाही’ हे वाक्य सुस्थितीतील माणसाच्या तोंडून ऐकले म्हणजे त्याने स्वतःच्या मुलाला कोणत्या कामास लाविले आहे हे मी हळूच पाहून घेतो, एवढे येथे कबूल करतो. प्रेषित पौल तंबू करीत असे व त्यात त्याला कमीपणा वाटत नसे, हे खरे. पण त्याला पत्रे लिहावयासही कोणी बंदी केली नव्हती.

वेंगुर्ल्याच्या जुन्या वाचकांस आणखी एक गोष्ट आठवेल. तेथील मिशन रुग्णालयाचे डॉक्टर गोहीन ह्यांना १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यासच एक मुलगा झाला. वैद्यकाच्या घरात वाढलेला हा रॉबर्ट गोहीन वैद्य झाला नाही. ग्रीक व लॅटिन ह्या प्राचीन भाषांचा अभ्यासक झाला. १९५७ साली तो अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ ते १९८० ह्या काळात त्या देशाचा राजदूत म्हणून पुन्हा हिंदुस्थानात आला. बापाचा दवाखाना सोडला म्हणून तो बापाला विसरला, असे कोणी म्हणाले नसावे. आमच्याकडे मात्र बागाईतदाराच्या मुलाने बाग सोडली की कृतघ्न ठरतो, आणि मुंबईची नोकरी सोडून मुलगा बागेत परत आला की नालायक ठरतो. त्या बिचाऱ्याने उभे कोठे राहावे?

हल्ली जात सांगून कोणी धंदा लावीत नाही, हे खरे. परंतु त्या जागी एक नवी सक्ती येऊन बसली आहे, ती कळपाची. एका वर्षी साऱ्या वाडीची मुले डी.एड.ला जातात, पुढे साऱ्या मुली परिचारिकेच्या शिक्षणास, मग सारे पोलीसभरतीसाठी पहाटे रस्त्याने धावू लागतात, बांदा-दोडामार्गकडचे दुचाक्या घेऊन गोव्यातील कारखान्यांत जातात, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडे. ह्यांपैकी एकही काम वाईट नाही. वाईट इतकेच की, जाणाऱ्याने ते काम जवळून पाहिलेले नसते. शेजाऱ्याने पाहिले होते म्हणून तो जातो, आणि पुष्कळदा शेजाऱ्यानेही पाहिलेले नसते.

म्हणून तरुण मित्रांस माझे पहिले सांगणे असे की, धंद्याचे नाव ऐकून अथवा वेतनाचा आकडा ऐकून निर्णय करू नका; त्या धंद्यातील एक साधा, कंटाळवाणा दिवस पाहा. प्रत्येक कामास एक सणाचा दिवस असतो, आणि लोक तोच दाखवितात. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे, ज्याला स्कूबा म्हणतात त्याचे, शिक्षण देणारी संस्था आहे. आमचे किती तरी कोळी-गाबितांचे मुलगे ह्या कामात शिरले आहेत. निळ्या पाण्यात पाहुण्याचा हात धरून मासे दाखविणे हा सणाचा दिवस. साधा दिवस म्हणजे नळकांड्यातील हवा मोजणे, जाकिटे मोजणे, पट्टे तपासणे, आणि वारा फिरला तर आलेल्या गिऱ्हाइकास “आज होडी सुटणार नाही” असे सांगून त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीस पर्यटकांची होडी उलटून माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. ज्याला हा मोजण्या-तपासण्याचा कंटाळा आहे त्याने समुद्रावर कितीही प्रेम असले तरी ह्या कामात पडू नये.

बागेचेही तसेच. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून चालू आहे. तेथे निवडलेल्या काजूच्या जाती आज दूरदूर लावल्या जातात, आणि कलमे बांधता येणाऱ्यास रोपवाटिकेत मागणी आहे. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु कलम बांधणारा दिवसभर ओल्या जमिनीवर उकिडवा बसतो, एकच काप शेकडो वेळा देतो, आणि इतके करून काही कलमे धरत नाहीत. ती न धरलेली काढून टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसण्याची ज्याची तयारी आहे तो ह्यात टिकेल. परिचारिकेच्या कामाचा साधा दिवस ही रात्र असते. शिक्षकाचा साधा दिवस म्हणजे तोच हातच्याचा हिशेब विसाव्यांदा, आणि पहिल्यांदा सांगत असल्यासारख्या आवाजात, सांगणे.

हे पाहावयाचे कसे? कामावरच्या माणसास “नोकरी कशी आहे?” असे विचारू नये; तो “बरी आहे” म्हणेल, आणि आपण होतो तेथेच राहू. “काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केले?” असे विचारावे. आणि एकालाच विचारू नये: नुकता लागलेला, दहा वर्षे झालेला, आणि सोडून आलेला, अशा तिघांना विचारावे. सोडून आलेल्याकडे आपण जात नाही, कारण तो फसला असे आपण समजतो. वास्तविक कामाविषयी सर्वांत मोकळेपणाने तोच बोलतो. शक्य तर आठ-पंधरा दिवस फुकट का होईना, त्या कामाच्या जागी जाऊन बसावे. काम करता करता शिकावयाचे असेल तर १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याखाली शिकत असता विद्यावेतन मिळते. आय.टी.आय.मध्ये चौकशी केली तर रीत समजेल.

किनाऱ्यावरच्या मुलांस जहाजाची ओढ असते, म्हणून येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जहाजावर लावून देतो म्हणून लाखो रुपये मागणारे दलाल गावोगाव फिरतात. खलाशी भरती करणाऱ्या संस्थेस नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि तिने नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसा घ्यावयाचा नसतो. जो पैसा मागतो त्याच्याकडे परवान्याचा क्रमांक मागा व तो मुंबईच्या कार्यालयात पडताळून पाहा. आईच्या बांगड्या मोडण्यापूर्वी एक टपालखर्च सोसावा.

काम मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. वेळेवर जावे, न समजलेले विचारावे, वरिष्ठाच्या बोलण्याचा राग घरी आणू नये, पहिल्या वेतनातून गाडी घेऊ नये. हे सर्व सांगतात आणि ते खरेच आहे. एकच प्रसंग असा येतो की ज्याची आगाऊ सूचना कोणी देत नाही. आंब्याच्या हंगामात एक मुलगा एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून लागला होता. तिसऱ्या आठवड्यात परजिल्ह्यातला, किंबहुना परराज्यातला आंबा उतरला आणि त्याला सांगण्यात आले, ‘देवगड’ असे छापलेल्या पेट्यांत भर. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा हे नुसते खोटे नव्हे, बेकायदा आहे. मुलगा रात्री माझ्याकडे येऊन म्हणाला, “मी फक्त भरतो, छापले तर त्यांनी.” मी म्हणालो, “पेटी कोण बंद करतो?” तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने काम सोडले की नाही, हे मी येथे सांगणार नाही. कारण तसे सांगितले म्हणजे वाचक त्याचा न्याय करतील, आणि महिना नऊ हजारांवर चार माणसे जगणाऱ्या घराचा न्याय दुरून करणे सोपे असते. परंतु वाचकहो, नोकरी लागली तो दिवस म्हणजे धंद्याचा आरंभ नव्हे. असला प्रश्न प्रथम समोर येतो त्या दिवशी त्याचा खरा आरंभ होतो, आणि तो बहुधा तिसऱ्याच आठवड्यात येतो.

आता जे सांगावयास मी कचरत आलो ते सांगतो. वर मी म्हटले की, नाकारण्याची मुभा असल्याखेरीज पत्करणे खरे नव्हे. ती मुभा येते कोठून? गिरणीचा संप लांबला तेव्हा हजारो कामगार मुंबई सोडून गावी येऊन राहू शकले, ह्याचे कारण गावी घर होते, भाताचा तुकडा होता, चूल होती. आणि ते घर, तो तुकडा, ती चूल इतकी वर्षे कोणी राखली? ज्या बायका मुंबईस गेल्या नाहीत त्यांनी. परत येण्यास दार उघडे असणे हीच गरिबाची मोकळीक होय, आणि ते दार कोणी तरी आत राहून धरलेले असते. जाणाऱ्याच्या धाडसाची गोष्ट सर्व सांगतात. दार धरणाऱ्याला निवड होती की नव्हती हे कोणी पाहत नाही.

माझ्या वडिलांची पेटी घरी आल्यावर, पुढे काही वर्षांनी, माझ्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीनंतर बंद झाली. मी तेव्हा दुसरीत होतो. दोघांस शिकविणे झेपत नव्हते, आणि मी मुलगा होतो. आक्का काजू सोलण्याच्या कारखान्यात जाऊ लागली. काजूच्या टरफलातले तेल अंगावर पडले की कातडी सोलवटून निघते; बायका हाताला राख चोळून बसत. त्या रोजावर माझे माध्यमिक शिक्षण झाले, आणि पुढे धर्मशिक्षणास गेलो तेव्हाचे कपडेही त्यातूनच शिवले गेले. माझे काम मी स्वतः निवडले, मला आतून हाक आली, असे मी आजवर अनेकदा सांगितले आहे व ते खोटे नाही. पण ती हाक ऐकण्यास लागणारी फुरसत कोणाच्या बोटांतून आली हे मी फार उशिरा विचारात घेतले. चार वर्षांमागे एकदा धीर करून तिला म्हणालो, “आक्का, तुला शाळा सोडताना वाईट वाटले असेल.” ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “माका कोणी इचारूक नाय.”

तक्रार म्हणून नव्हे, नुसती झालेली गोष्ट म्हणून तिने ते सांगितले, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

तेव्हा घरातील एका मुलाच्या निवडीचा हिशेब करताना दुसऱ्या कोणाची निवड त्यात खर्ची पडत आहे हे मोकळेपणी मांडावे. कधी कधी तसा खर्च करणे भाग असते. गरिबीत सर्वांस सर्व मिळत नाही. पण ज्याचे जात आहे त्याला विचारून जावे, आणि ज्याला मिळत आहे त्याला ते ठाऊक असावे. उपदेशकबंधूंस माझी विनंती आहे की, आईबाप मुलाला घेऊन आपल्याकडे आले तर उत्तर देण्याची घाई करू नका. मुलाला बोलू द्या. तो बोलत नसेल तर उद्या पुन्हा बोलवा. घरी बहीण असेल तर तिलाही बोलवा. आणि जो गेला तो दोन वर्षांनी परत आला, तर उपासनेनंतर अंगणात त्याला “सुटी का?” असे दहा जणांनी विचारण्यापूर्वी आपण त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.

आक्काची मुलगी ह्या वर्षी बारावी झाली. गुण चांगले आहेत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी नातेवाईक जमले. एकजण परिचारिकेचे म्हणाला, दुसरा बँकेच्या परीक्षांचे. मीही तोंड उघडणार होतो. तेवढ्यात आक्का चुलीकडून बाहेर आली, पदराला हात पुसले, आणि सगळ्यांना ओलांडून मुलीला म्हणाली, “तुका काय करूचा आसा?”

मुलीने त्या दिवशी उत्तर दिले नाही. सध्या ती सकाळच्या एस.टी.ने वेंगुर्ल्याकडे एका रोपवाटिकेत काजूची कलमे बांधावयास जाते. पावसाळा संपेपर्यंत जाणार आहे, मग सांगते म्हणाली.